अक्कास, यंत्रमानवांविषयी

नांदेड,
कार्तिक वद्य पंचमी

ती. सौ. अक्का हीस सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला आणि ते आता सकाळी गंजगोलाईपर्यंत पायी जाऊन येतात, हे वाचून जिवाला स्वस्थता वाटली. पत्राच्या अखेरीस तू जे विचारले आहेस, की तहसिलीच्या दप्तरात सारी हयात घालवलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर गाथा-ज्ञानेश्वरी हाती धरायची सोडून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे यंत्रमानव रचीत का बसावे, त्याचा खुलासा टेलिफोनवर करण्याजोगा नाही. आणि तू तो मायेने विचारला असल्यामुळे मीही तो मनापासून, सविस्तर करणार आहे.

दिवाळीत तू माझ्या खोलीत यंत्रमानवांची जी पलटण उभी पाहिलीस, तिचे मूळ डेन्मार्क देशातील बिलुंड नावाच्या गावी आहे. तेथे ओले कर्क क्रिस्टियान्सेन नावाच्या एका सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला; आणि पुढे त्याच्या मुलाने, गॉडफ्रेडने, ज्या लेगो ठोकळ्याचे पेटंट 28 जानेवारी 1958 रोजी मागितले, तोच ठोकळा आजतागायत चालत आला आहे. त्याच्या माथ्यावर वाटोळे उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या असतात. एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला की खालचे उंचवटे वरच्याच्या भिंती आणि नळ्या यांच्या बेचक्यात घट्ट बसतात, आणि आईच्या त्या पितळी डब्याचे झाकण जसे नुसत्या बसणीच्या जोरावर धरून राहत असे, तसे ते गोंदावाचून, खिळ्यावाचून, स्क्रूवाचून एकमेकांना धरून राहतात. दोन उंचवट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर आठ मिलिमीटर. ते त्या वर्षापासून बदललेले नाही, म्हणून 1958 सालचा ठोकळा आज सकाळी कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर बिनतक्रार बसतो. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते 91,51,03,765 निरनिराळ्या प्रकारांनी जोडता येतात, हे गणित प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

परंतु ठोकळ्यांचे घर होते, किल्ला होतो, आगगाडी होते. मग यंत्रमानवच का? माझ्या आवडीचे सारे रहस्य या एका प्रश्नात आहे. घर आपल्या पायावर बसलेले असते, त्याला तोल सांभाळावा लागत नाही; यंत्रमानवाला मात्र दोन पायांवर उभे राहावयाचे असते, आणि नुसते उभे राहावयाचे नसते, तर हात उचलावा, मान वळवावी, एक पाऊल पुढे टाकावे आणि तरीही कोसळू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. शाळेत शरीरशास्त्राच्या पुस्तकात आपण उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो, त्या दोहोंची येथे हुबेहूब गाठ पडते. उखळीच्या सांध्यात गोळा खोबणीत फिरतो, त्यामुळे अवयवाला हवी ती ढब देता येते. पण तो केवळ घर्षणावर तग धरतो, आणि वरचे ओझे वाढले की हळूहळू घसरू लागतो. म्हणून मोठ्या देहाच्या यंत्रमानवाच्या कमरेला दातेरी बिजागरी घालतात. ती कट् कट् असा आवाज करीत एकेका दात्याने वळते, मधल्या कोनात थांबत नाही, त्यामुळे उभे राहण्याची ऐट थोडी कमी होते. पण सारा देह ती निश्चल तोलून धरते. हात लांब केला की खांद्यावरचा ताण हाताच्या वजनाइतकाच राहत नाही, तो अंतराच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून जाणता रचनाकार मनगटापाशी हलके तुकडे योजतो, पावले रुंद ठेवतो, आणि गुरुत्वमध्य पावलांच्या चौकटीबाहेर जाऊ देत नाही. हे सर्व पुस्तकात वाचून मला कळले नसते. अर्धवट रचलेला पाय हातात धरून, तो कोठे लचकतो, कोठे ताठ राहतो, हे बोटांना जाणवते तेव्हाच ते कळते. आणि त्या कळण्याचा जो आनंद आहे, तो मला दुसऱ्या कशातही आढळलेला नाही.

सर्वच संच मला सारखे प्रिय आहेत असे मात्र नाही. 2001 साली निघालेली बायोनिकल नावाची मालिका जगभर गाजली, पण तीत बाहू, मांडी, मुखवटा हे मोठमोठे तुकडे साच्यातूनच आकार घेऊन आलेले असतात. रचणाऱ्याने ते फक्त जोडावयाचे. मला त्यात रस वाटत नाही, कारण आकार लहान लहान निराकार तुकड्यांतून उगवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. याउलट 2018 सालचा व्होल्ट्रॉन नावाचा संच घे. एका हौशी रसिकाने सुचवलेल्या आराखड्यावरून तो कंपनीने काढला. 2321 तुकड्यांतून पाच सिंह तयार होतात, आणि ते पाचही एकत्र येऊन हात, पाय व धड बनून एकच पुरुष उभा राहतो. 2022 साली निघालेला ऑप्टिमस प्राइम तर 1508 तुकड्यांचा. तो मालमोटारीचा यंत्रमानव होतो आणि यंत्रमानवाची पुन्हा मालमोटार, पण या रूपांतरात एकही तुकडा काढावा लागत नाही. चाके कोठे दडतात, छाती कोठून उघडते, हे मी प्रथम स्वतःच्या हातांनी घडताना पाहिले तेव्हा ज्याने हे योजले त्याच्या बुद्धीपुढे माझी मान आपोआप लवली.

तुला वाटेल, ही परदेशी करामत आहे, आपला तिच्याशी काय संबंध? पण देगलूर तालुक्यातील होट्टलला आपण दोघे वडिलांबरोबर गेलो होतो ते आठव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील त्या सिद्धेश्वराच्या मंदिरात वडिलांनी आपल्याला खांब, तुळया आणि शिळा यांमधील सांधे दाखविले होते. तुझ्या जिल्ह्यातले निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर त्याच परंपरेतले. चुन्याचा लेपही न घालता खाच आणि कुसू यांच्या आधारे, प्रत्येक शिळेचा भार खालच्या शिळेवर नेमका टाकून ही मंदिरे रचली गेली. आणि असे बांधकाम पुढे कधी उलगडावे लागले, तर शिळांवर क्रमांक घालून ते पुन्हा होते तसे उभारता येते. बिलुंडच्या सुताराला होट्टल ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी सांध्यावर भरवसा ठेवण्याची जी विद्या, ती दोन्ही ठिकाणी एकच आहे.

आणि अक्का, या विद्येचे मोल मला ज्या दिवसांत समजले, ते तुलाही विसरता येणार नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ची, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती भूकंपाची पहाट. तू औशात होतीस. मी नोकरीत नवा होतो आणि पंचनाम्यांच्या कामासाठी किल्लारीच्या बाजूस पाठवला गेलो. तेथील दुःखाची खेळण्याशी सांगड घालण्याइतका मी उथळ नाही, हे तू जाणतेस. पण ढिगाऱ्यांतून फिरताना, अर्ध्या उरलेल्या भिंतींकडे पाहताना जे डोळ्यांना दिसले, ते मनातून कधी गेले नाही. त्या भिंती दोन-अडीच फुटांहूनही जाड होत्या, त्यांच्या डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार होता, आणि पाहणाऱ्याला त्या अभेद्य वाटत. परंतु आतली आणि बाहेरची अशा त्या दोन स्वतंत्र भिंतीच होत्या, मध्ये माती आणि बारीक दगड भरलेले, आणि दोहोंना एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. धरणी हलताच दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटले, आणि वरचे माळवद निजलेल्या माणसांवर आले. पुढे दुरुस्तीच्या कामात तज्ज्ञांनी हाच आरपार दगड घालण्याचा आग्रह धरला. गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतात, ती, म्हणजे खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थरातील सांधा येऊ न देणे, मी त्या दिवसांत प्रथम समजून घेतली. आणि आज यंत्रमानवाच्या धडात एक लांब पट्टी आडवी बसवून तिने खालचे दोन ठोकळे एकत्र बांधले जाताना पाहतो, तेव्हा मला मनोमन समाधान वाटते. खेळणे लहान असले तरी त्यातला हा नियम लहान नाही.

आता खर्चाचे. तू सूचकपणे विचारलेस, मी स्पष्ट सांगतो. परदेशी खेळण्यांवरील आयात जकात 2020 साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि 2023 साली सत्तर टक्के. त्यामुळे हा शौक स्वस्त राहिला नाही. निवृत्तिवेतनातून घरखर्च वजा जाता जे उरते त्यातच मी तो बसवतो. एक संच घेतला की बरेच महिने दुसरा नाही. इथे वजिराबादेच्या बाजारात असे मोठे संच मिळत नाहीत, ते हैदराबादहून मागवावे लागतात. काही संग्राहक पेट्या मोहोरबंद ठेवतात आणि संच बाजारातून नाहीसा झाला की चढ्या भावाने विकतात. तो व्यापार झाला, त्याला मी संग्रह म्हणत नाही. माझ्याकडील प्रत्येक पेटी उघडलेली आहे, आणि बहुतेक यंत्रमानव मी मोडून पुन्हा रचलेले आहेत, कारण मोडतानाच कोणता तुकडा कोणाच्या आधारावर होता हे नीट दिसते.

एक विनंती आहे. तुझ्या नातवाच्या ठोकळ्यांची जी पोतडी माळ्यावर पडून आहे, ती भंगारवाल्यास देऊ नकोस. तीत करड्या रंगाच्या दातेरी बिजागऱ्या असाव्यात, असे मला वरवर चाळताना वाटले. त्या सुट्या मिळणे कठीण. ठोकळे धुवायचे असल्यास कोमट पाण्यातच धुवावेत, चाळीस अंशांहून गरम पाण्यात त्यांचा आकार बिघडू शकतो. वाळवायला उन्हात न घालता सावलीत फडक्यावर पसरावेत, आणि अडकलेले तुकडे सुरीने उचकटू नयेत, तसेच पाठवावेत. भाचा पुढल्या आठवड्यात एस.टी.ने इकडे येणारच आहे, त्याच्याजवळ दे. नातवाची हरकत नसेल तरच. आणि त्याला सांग की त्याच्या तुकड्यांतून जे उभे राहील ते त्याच्याच मालकीचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन घेऊन जावे.

दाजींना सा. नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ