डाव्या कानातला पखवाज

आमच्या पिढीच्या कानांवर पहिला हेडफोन चढला तो स्वस्तातलाच. तळेरे स्टँडवर पहाटे रातराणीतून उतरणारा चाकरमानी गणपतीच्या सामानाबरोबर मुंबईच्या मनीष मार्केटातला नाहीतर मुसाफिरखान्यातला कॅसेट प्लेअर घेऊन यायचा. त्याच्यासोबत पातळ पत्र्याच्या पट्टीचा, काळ्या स्पंजचा एक हेडफोन असायचा. सोनीने पहिला वॉकमन जपानात १९७९ च्या जुलैमध्ये विकायला काढला. त्याची भावंडं तळेऱ्यात पोचायला बरीच वर्षं गेली, आणि पोचली ती बहुतेक बिननावाची. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातातली पिशवी धरता धरता आमचं लक्ष त्या प्लेअरकडे असे.

आज विजयदुर्गाच्या फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानात काहीतरी असतं. वायर नाही, पट्टी नाही, आणि कुणाला त्याचं अप्रूपही नाही. हजार रुपयांच्या आत मिळणारी ही बटणं आमच्या त्या हेडफोनपेक्षा कितीतरी चांगली वाजतात. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहायचंय ते आवाजाच्या दर्जाबद्दल नाही.

आम्ही ऐकायचो डबलबारी भजनाच्या कॅसेटी. समोरासमोर दोन बुवा, चढत जाणारा गजर, पेटी, झांजा, चकवा आणि या सगळ्याखाली पखवाज. त्या हेडफोनात झांज टोचायची आणि पखवाजाचा धुमा गायब असायचा. खर्जाची लाट कानापर्यंत भरून यायची तर जागा बंद लागते. स्पंज आणि कान यांच्यामध्ये फट राहिली की तिचा दाब बाहेर निसटतो, आणि वरचे सूर तेवढे नीट ऐकू येतात. हे शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. हेडफोनची डबी बोटाने कानावर दाबली की पखवाज येतो आणि सोडली की जातो, एवढं मात्र कळलं होतं. बाकीचे उपाय त्यातूनच निघाले.

मूळचा स्पंज दोनेक पावसाळ्यांत चिकट व्हायचा, मग भुगा होऊन केसांत अडकायचा. त्या जागी पावडरच्या पफमधला स्पंज गोल कापून बसवायचा आणि त्यावर जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा दोऱ्याने बांधायचा. पट्टी कानशिलं दाबायची म्हणून हेडफोन रात्रभर सोललेल्या नारळावर ताणून ठेवायचा. घरातल्या मुलींच्या वेण्या पट्टीत अडकायच्या, म्हणून त्या ती मानेमागून घालायच्या. झांजेची धार बोथट करायला डबीचं झाकण नखाने उचकटायचं आणि उशीतली चिमूटभर सावर आतल्या चकतीच्या मागे पिंजून भरायची. सावरीचा कापूस डबीत घुमणारा आवाज पिऊन टाकतो. जास्त भरला तर बुवा घोंगडीआडून गातायत असं वाटायचं, म्हणून तो काढायचा, पुन्हा घालायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज जमवणारी माणसं घरातच होती. आवाज हाताने जुळवायचा असतो हे आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता हे सगळं कारखान्यातूनच जुळवून येतं. लहान, मध्यम, मोठी अशा मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या खोक्यातच मिळतात. आपल्या कानाची बसली की फट बुजते आणि धुमा पहिल्या ठेक्यापासून हजर. एसटीच्या इंजिनाची घरघर कापणारी सोयसुद्धा आता स्वस्तात मिळते, आणि तिचं मोल मी कमी मानत नाही. आम्ही त्या घरघरीवर मात करायला आवाज शेवटपर्यंत चढवायचो. आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तासांपर्यंत, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्यातल्या काहींच्या कानात आज जी कायमची शिट्टी वाजते, ती त्या रातराणीच्या प्रवासांची असावी. तेव्हाचं बरंच काही वाईट होतं, आणि ते गेलं याचं मला समाधान आहे.

पण त्या दुरुस्तीला दुसरा माणूस लागायचा, आणि तो गेला याचं दुःख आहे.

सावर भरून झाकण बसवलं की हेडफोन आपण घालायचा नाही, शेजारच्याच्या डोक्यावर चढवायचा. आपल्या कानांना आपली मेहनत गोडच लागणार. मग त्याच्या तोंडाकडे बघत विचारायचं, "आयक बघूया, आता पखवाज येता काय?" तो डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "येता, पन डाव्यात नाय." की हेडफोन उलटा घालायचा, डावी डबी उजव्या कानावर. आता उजवीकडचा पखवाज गेला तर दोष डबीत, डावीकडेच गेलेला राहिला तर दोष कानात. डबीत असेल तर पिनेजवळ तुटलेली वायर कापायची, तिच्या केसाएवढ्या तारांवरची लाख काडीने जाळायची (त्याशिवाय सोल्डर धरतच नाही) आणि जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. मग पुन्हा त्याच माणसाच्या डोक्यावर.

गंमत अशी की वॉकमन बनवणाऱ्यांनाही दुसऱ्या माणसाची आठवण होती. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी सोनीच्या आकिओ मोरितांना धास्ती वाटली. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवली होती, आणि गाणं हळू करून एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटण. पुढे ही सोय गेली. आमच्या बिननावाच्या प्लेअरला एकच भोक असायचं. आम्ही एक डबी बाहेरच्या बाजूला वळवायचो आणि डोक्याला डोकं लावून ऐकायचो. एकाला पेटीची बाजू, दुसऱ्याला पखवाजाची. पूर्ण गजर दोघांपैकी कुणालाच ऐकू येत नसे, पण बुवाने जोडलेल्या ओळीवर दोघंही एकदम हसायचो.

आजची बटणं चिकटवून बंद केलेली असतात. आतला सेल दोन-तीन वर्षांत दमला की ती टाकून द्यायची, तिथे सावर भरायला जागाच नाही. मोठ्या हेडफोनच्या नकली कातड्याची सालं कोकणच्या दमट हवेत अजूनही सुटतात, आणि कुणीतरी अजूनही सुती कापडाची खोळ शिवून घालतं. तेवढीच हाताची कारागिरी शिल्लक आहे.

आवाजाचं काम आता ॲप करतं, आणि चोख करतं. एकेका कानात बारीक शिट्ट्या वाजवून ते विचारतं, ऐकू येतंय का? आपण हो-नाही दाबत जायचं. मग डाव्या-उजव्या कानाला जे कमी पडतं ते भरून काढून ते आवाज बेतून देतं. आमच्या वयाच्या कितीतरी जणांना आपला एक कान मंद झाल्याचं त्यातूनच कळलं, आणि त्यानंतर डबलबारी लावली तेव्हा डाव्या कानात पखवाज परत आला. तो तिथे नव्हता हे त्या दिवसापर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मात्र ही बेतणी फक्त आपल्याच कानांची असते. तीच बटणं बायकोच्या किंवा मित्राच्या कानात घातली की झांज पुन्हा टोचते, एक बाजू जड लागते. त्यांना ऐकवायचं असेल तर आधी ॲप उघडून ती सगळी जुळवाजुळव बंद करावी लागते.