नातवासाठी खोली, आजीचे घर

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत भाड्याच्या खोल्यांचा शोध सुरू होतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट अशा तालुक्यांतून पालक येतात. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक आणि ‘नीट’ची तयारी करून घेणारे शिकवणी वर्ग ही त्यामागची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मुलाला मेसचे जेवण मानवत नाही, मुलीला एकटीला ठेवण्याची तयारी नसते, आई-वडिलांना शेती वा नोकरी सोडता येत नाही. मग उरते आजी. पुढील दोन वर्षे स्वयंपाक करण्यासाठी आणि ‘घरात कुणीतरी मोठे असावे’ म्हणून तिला शहरात आणले जाते.

लातुरातील माझ्या दवाखान्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला जे वृद्ध रुग्ण नव्याने येतात, त्यांत नातवंडांसाठी खोली करून राहिलेल्या आजी बऱ्याच असतात. तक्रारी साध्याच असतात. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, उठताना चक्कर येते, लघवीला जळजळ होते, गावाकडे आटोक्यात असलेली साखर येथे आल्यापासून वाढली आहे. रक्तदाब मोजता मोजता मी विचारतो, “आजी, राहायला कुठं आहात? कितव्या मजल्यावर?” बरेचसे निदान या उत्तरातच मिळते.

खोली निवडताना कुटुंब एकच अंतर मोजते, ते म्हणजे क्लासपासूनचे. लातुरात उद्योग भवनाच्या परिसरात, नांदेडात भाग्यनगर, आनंदनगर, श्यामनगर या भागांत जागा शोधली जाते ती याच हिशेबाने. पण मुलगा सकाळी बाहेर पडतो तो महाविद्यालय, क्लास, अभ्यासिका करून रात्री परततो. खोलीत तो प्रामुख्याने झोपतो. आजी मात्र दिवसाचे वीस-बावीस तास तेथेच असते. ज्याच्या सोयीने जागा घेतली तो घरात नाही आणि जी घरात आहे तिची सोय कुणी पाहिली नाही, अशी ही परिस्थिती आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आजी सोबत राहणार असेल तर परिसर तिच्या पायांनी मोजावा. सोळा वर्षांच्या मुलाने दहा मिनिटे अधिक सायकल चालवली तर त्याचे काहीही बिघडत नाही.

वरच्या मजल्याचे भाडे कमी असते, हे मला मान्य आहे. पण त्या बचतीचा परिणाम कसा होतो तो पाहा. जिना उंच, कठडा नाही, शौचालय भारतीय पद्धतीचे. गुडघ्यांमुळे उठबस नको वाटते, म्हणून आजी पाणीच कमी पिते. पाणी कमी पडल्याने बद्धकोष्ठ होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातील पाणी आणखी घटते आणि पहाटे उठताना चक्कर येते. जिना नको म्हणून चालणे बंद होते आणि चालणे बंद झाले की साखर वाढते. या साखळीला औषध म्हणून मी आणखी एक गोळी लिहून देऊ शकतो, पण तळमजल्याची खोली अधिक गुणकारी ठरेल. शिवाय आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. उतारवयात तहान उशिरा जाणवते, घामही कमी येतो. तरुण माणूस जी रात्र नुसती कुरकुरत काढतो, ती वृद्धाला रुग्णालयात नेऊ शकते.

वरच्या मजल्यांबाबत लातूर जिल्ह्यात आणखी एक बाब आहे, ती बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. औसा तालुक्यातील एक आजी तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. मुलगा झोपेची गोळी मागायला घेऊन आला होता. रात्री झोप लागते, पण पहाटे चारच्या सुमारास दचकून जाग येते आणि मग त्या जिन्यात येऊन बसतात, असे तो सांगत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या भागात जे होते, त्यांना या वेळेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे गेली. वाचलेल्यांनी पुढे कित्येक महिने छपराखाली झोपणे टाळले. या आजींना डोक्यावर स्लॅब आणि बाहेर पडायला तीन जिने, हे सोसत नव्हते. वरच्या मजल्यावर वाहने गेली की खिडकीची तावदाने वाजत, हेही त्यांनी हळूच सांगितले. गोळी न देता मी जागा बदलण्यास सुचवले. जुन्या वस्तीत, तळमजल्यावर, दार उघडले की अंगण अशी खोली त्यांना मिळाली. गुडघे अजून दुखतात. पण झोपेसाठी त्या पुन्हा आल्या नाहीत.

पाण्याची चौकशी घरमालकाकडे न करता शेजारणीकडे करावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. एरवीही येथे नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरता येत नाही. पाणी किती दिवसांनी येते, कोणत्या वेळी येते, टाकीतून थेट स्वयंपाकघरात येते की खालून कळश्या वाहाव्या लागतात? भरलेली बादली घेऊन ओल्या पायरीवर चढणारी सत्तरीची स्त्री म्हणजे मोडलेल्या खुब्याचा नेहमीचा पूर्वेतिहास आहे. नांदेडला प्रश्न उलटाही असू शकतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. तेथे तळमजला घेण्यापूर्वी मागील पावसाळ्यांत पाणी कुठवर आले होते, ते गल्लीतील जुन्या रहिवाशाला विचारावे.

रुग्णालय जवळ असावे, हे सर्वांनाच पटते. परंतु नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला, शहराबाहेर आहे. खासगी दवाखाने मात्र डॉक्टर लेनमध्ये दाटीने आहेत. मोठे रुग्णालय वर्षातून एखाद्या वेळी लागते. रोज लागतो तो औषधाचा दुकानदार, आठवड्याला भाजीवाली, महिन्याला रक्तदाब मोजणारा जवळचा डॉक्टर. ही ठिकाणे मुख्य रस्ता न ओलांडता गाठता यावीत. क्लास सुटण्याच्या वेळी सायकली आणि स्कूटींचा जो लोंढा येतो, त्यातून वाट काढणे मलाही जड जाते. आणि १०८ ची रुग्णवाहिका दारापर्यंत वळू शकेल एवढी गल्ली रुंद आहे का, ते डोळ्यांनी पाहावे.

कोणती वस्ती घ्यावी, असे लोक विचारतात. शहराच्या कडेच्या नव्या वसाहती मोकळ्या आणि स्वस्त असतात, पण दुपारी तेथे रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि ऑटो सहज मिळत नाही. गंजगोलाईच्या आसपास सर्व काही हाताशी, पण गर्दी फार. शिवाय गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. नवख्या माणसाला ते सारखेच वाटतात. ज्यांची स्मरणशक्ती नुकतीच उणावू लागली आहे, त्यांचे गावात निभावते, कारण तेथील वाट पायांना पाठ असते. शहरात आल्यावर तेच दूध आणायला जाऊन घर चुकतात आणि घरच्यांना प्रथमच शंका येते. मला स्वतःला मध्यम वयाच्या वसाहती बऱ्या वाटतात. जेथे झाडे वाढली आहेत, घरमालक स्वतः तळमजल्यावर राहतो आणि संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर चार बायका बसलेल्या असतात. भजनात वा हरिपाठात जागा मिळालेली आजी दवाखान्यात कमी येते, असा माझा अनुभव आहे.

जागा पाहायला जाताना आजीलाच सोबत न्या. तिच्या गतीने कोपऱ्यापर्यंत चाला, जिना तिला चढू द्या, शौचालयात ती आधाराविना उठू शकते का ते पाहा. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवू देणार का, कमोडची खुर्ची ठेवता येईल का, हे डिपॉझिट देण्यापूर्वी घरमालकाला विचारा. नंतर तो ऐकतोच असे नाही. इन्सुलिन चालू असेल तर फ्रिजची व्यवस्था त्याच दिवशी ठरवा.

सामान लागले की पहिल्या आठवड्यातच, काही दुखत नसताना, तिला जवळच्या डॉक्टरकडे एकदा नेऊन आणा. गावाकडील डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर असू द्या. रिकामी झालेलीही टाकू नका. ‘एक पांढरी आणि एक गुलाबी छोटी’ एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही. नवा पत्ता आणि मुलाचा मोबाइल क्रमांक जाड अक्षरांत लिहून तो कागद तिच्या पिशवीत ठेवा. आणि नातवाला सांगा, की रात्री परतल्यावर पुस्तक उघडण्याआधी तिच्याशेजारी थोडा वेळ बसायचे आणि तिने दिवसभरात पाणी किती प्याले, ते विचारायचे.