स्लो गाण्यांची सुपारी

आमच्या बेंजो पार्टीत गायिका घेतली आणि आम्ही हळदीला सिनेमातली संथ प्रेमगीतं वाजवायला लागलो, तेव्हा पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर एका जुन्या ढोलवाल्याने चहा पिता पिता निकाल देऊन टाकला, “मास्तर, पार्टी बसली तुमची.” मी काही बोललो नाही. चहाचे पैसे तेवढे त्याला द्यायला लावले.

हाच निकाल इंग्लंडातल्या जेनेसिस नावाच्या बँडला १९७८ पासून ऐकावा लागतो आहे. लांबच लांब, अवघड, ताल बदलत जाणारं रॉक वाजवणारी ही माणसं साध्या प्रेमगीतांकडे वळली आणि संपली, असं त्यांचे जुने चाहते अजूनही म्हणतात. माझ्या मते दोन्ही निकाल चुकीचे आहेत. कीबोर्डच्या मागे उभं राहण्यात माझी हयात गेली, तिथून जे दिसलं त्यावरून सांगतो.

आधी पार्टीचं. महाड-पोलादपूरकडची बेंजो पार्टी म्हणजे एक-दोन बेंजो, ढोल, ट्रिपल, खुळखुळा, पुढे ऑक्टोपॅड, आणि सगळं लादायला एक टेम्पो. हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. मूळचा जपानी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली बनवलेला. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडला आणि आपलासा करून टाकला. मिरवणूक निघाली की पार्टी थांबत नाही. कोळीगीताची धून, तिच्यातून गोंधळाचा ठेका, तिथून एखादं सिनेमातलं गाणं. मध्येच लय निम्म्यावर आणायची, लोक दमले असं वाटलं की पुन्हा उठवायची. वीस-पंचवीस मिनिटं शब्दाशिवाय. कागद नाही, नोटेशन नाही. बेंजोवाल्याने मान हलवली की ढोल बदलतो. आम्ही याला ‘मिक्स’ म्हणायचो आणि ज्याचा मिक्स लांब ती पार्टी मोठी, असा हिशेब होता.

मी या पार्टीत शिरलो तो पेटीमुळे. पोलादपूर तालुका वारकऱ्यांचा. घरात भजन, त्यामुळे बोटं लहानपणीच पेटीवर बसली. दहावीनंतर मुंबई. लालबागला गावकीच्या खोलीत पथारी आणि फोर्टातल्या एका छापखान्यात बाइंडिंगचं काम. तिथे यंत्रावर वांद्र्याचा एक ईस्ट इंडियन होता, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मी पेटीवाला आहे हे कळल्यावर त्याने एक कॅसेट हातात ठेवली. म्हणाला, “ऐक, पण बसून ऐक. जेवताना नको.” ती जेनेसिसची ‘फॉक्सट्रॉट’ होती, १९७२ सालची.

गावकीच्या खोलीत बसून ऐकायला जागा कुठली! रात्रपाळीवाले उठून गेले की अर्धा तास मिळायचा. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला कीबोर्ड एकटा वाजतो. व्हायोलिनं आहेत हे कळतं, पण ती माणसं वाजवत नाहीत हेही कळतं. सूर किंचित डगमगतात. ताल नाही, घाई नाही, फक्त एकावर एक येणारे भले मोठे कॉर्ड. मला इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा आवाज कसला, हे कळल्याशिवाय चैन पडेना.

तो मेलोट्रॉनचा आवाज होता, हे त्या सहकाऱ्यानेच सांगितलं. १९६३ पासून बर्मिंगहॅममध्ये बनू लागलेलं हे वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा नाहीतर कॉयरचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि सूर येतो. जेमतेम आठ सेकंद; मग टेप संपते, पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. म्हणजे कॉर्ड आठ सेकंदांच्या आत बदलायलाच हवा. वाजवणाऱ्याचं नाव टोनी बँक्स. यंत्राच्या खोडी त्याने ओळखल्या आणि त्यावर शोभतील असेच कॉर्ड लावले. मोठेपणा मला तिथे दिसला.

आयत्या आवाजाला नाक मुरडणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी ऐकवतो. आपल्याकडे वरातीत नागीण डान्स झाल्याशिवाय नवरा मांडवात शिरत नाही. ती पुंगी मुळात पुंगी नाहीच. १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमात तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या विजेवरच्या छोट्या कीबोर्डवर काढला होता, सोबतीला रवींची हार्मोनियम. अख्खा महाराष्ट्र सत्तर वर्षं एका सिंथेसायझरच्या पूर्वजावर जमिनीवर लोळतो आहे.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जवळपास तेवीस मिनिटांचं एकच गाणं होतं, ‘सपर्स रेडी’. सात तुकडे जोडलेले. ते ऐकताना मला मुंबईत पहिल्यांदा घरची आठवण आली. हा तर मिक्स! शेवटाकडे एक भाग नऊ मात्रांचा आहे, त्यावर बँक्सचा ऑर्गन मोकाट सुटतो. मी मांडीवर मात्रा मोजत बसायचो आणि दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला सम हरवायची. आमच्या ढोलवाल्यांना हे ऐकवलं पाहिजे असं वाटलं. पुढे ऐकवलंही. “वाजवतो बरा, पण नाचणार कोण?” हा अभिप्राय.

पुढच्या वर्षीचा त्यांचा अल्बम ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’. त्यातल्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची सुरुवात नुसत्या पियानोवर आहे, बोटांची परीक्षा बघणारी. पण हीच सुरुवात बँक्सने स्टेजवर सोडून दिली. तेव्हा दौऱ्यावर न्यायला त्याच्याकडे जो विजेवरचा पियानो होता त्याला टच नव्हता. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकच. हे वाचलं तेव्हा मला माझा पहिला कॅसिओ आठवला. त्याचंही तेच. पेटीवर भात्याने जे करता येतं, सूर हळूच आत आणणं, शेवटी सोडणं, त्यातलं काही त्यात नव्हतं. मिरवणुकीत याची गरज पडत नाही. तिथे सगळंच फुल.

टच म्हणजे काय हे मी खरं पाहिलं ते २०२१ च्या पुरानंतर. २२ जुलैच्या रात्री सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याच पावसात तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत वाद्याचं नाव काढायची लाज वाटायची. पण तुळशीचं लग्न झालं तशी पोरं एकेक करत चिखल भरलेले कीबोर्ड घेऊन माझ्याकडे यायला लागली, कारण दुरुस्तीचं मला थोडंफार जमतं.

पट्ट्या काढल्या की खाली करड्या रबराची लांब पट्टी निघते. प्रत्येक सुराखाली रबराचे दोन फुगवटे, आतून कार्बनचा काळा ठिपका. बोट दाबलं की आधी एक ठिपका सर्किटला टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट जोरात आलं, आवाज मोठा. वेळ जास्त म्हणजे बोट हळुवार. बस्स, एवढ्याशा फरकात सगळा भाव. सावित्रीचा गाळ त्या ठिपक्यांवर वाळून बसला होता. त्यामुळे काही सूर मुके, तर काही कितीही अलगद दाबा, किंचाळत उठायचे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि जुना टूथब्रश घेऊन मी ते ठिपके पुसत बसायचो. पुसून झाल्यावर तपासायला मी फास्ट काही वाजवत नसे. फास्टमध्ये खराब सूर खपून जातो. संथ गाणं लावायचं, लगेच चोर सापडतो.

माझं सगळं म्हणणं इथेच येतं. स्लो गाणं सोपं नसतं. त्यात सूर कमी असतात, म्हणून प्रत्येक सूर उघडा पडतो. पंचवीस मिनिटांच्या मिक्समध्ये मी दहा ठिकाणी घसरलो तरी कोणाच्या लक्षात येत नसे, पुढचं वळण आलेलं असे. हळदीच्या रात्री, नाचून नाचून लोक बसलेले, नवरीची आई कोपऱ्यात डोळे पुसते आहे, आणि कोणीतरी सांगतं, “मास्तर, आता एखादं शांत घ्या.” तेव्हा गायिकेच्या मागे एक कॉर्ड धरायचा, तिच्या श्वासाला जागा सोडायची, दोन ओळींच्या मध्ये तीनच सूर टाकायचे, चौथा टाकायचा मोह आवरायचा. हे शिकायला मला मिक्सपेक्षा जास्त वर्षं लागली.

आता जेनेसिस. १९७५ मध्ये त्यांचा गायक पीटर गॅब्रिएल गेला, ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स गायला लागला. १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेट गेला. उरलेल्या तिघांनी १९७८ मध्ये जो अल्बम काढला त्याचं नावही ‘मग उरले तिघे’ अशाच अर्थाचं आहे. त्यातलं ‘फॉलो यू फॉलो मी’ हे छोटं, साधं प्रेमगीत इंग्लंडात सातव्या क्रमांकापर्यंत गेलं; इतकं वर त्यांचं कुठलंच गाणं तोवर गेलं नव्हतं. चाहत्यांनी खापर फोडलं कॉलिन्सवर. पण त्या गाण्याचे शब्द माइक रदरफर्डचे. आणि त्याआधी, १९७६ च्या अल्बमच्या शेवटी ‘आफ्टरग्लो’ नावाचं जे संथ गाणं आहे, ते एकट्या बँक्सचं. अवघड वाजवण्यासाठी ज्याचं नाव घेतात त्यानेच ते लिहिलं आहे. साधेपणा बाहेरून कोणी आणून घातला नव्हता, त्याच बोटांत होता. त्या गाण्यात तो चमकायला बघत नाही. कॉर्ड धरून उभा राहतो आणि गाणं त्याच्यावर चढत जातं.

मात्र चाहत्यांचं सगळंच चूक, असंही मी म्हणणार नाही. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ कीबोर्ड आला. त्यातला इलेक्ट्रिक पियानोचा तयार टोन इतका गोड होता की पुढची काही वर्षं जगातल्या निम्म्या प्रेमगीतांत तोच ऐकू येतो. जेनेसिसचं १९८६ चं ‘इन टू डीप’ किंवा १९९१ च्या अल्बममधलं ‘होल्ड ऑन माय हार्ट’ ही गाणी मला आवडतात, चाली पक्क्या आहेत. पण नुसता कीबोर्ड ऐकवून ‘ओळखा कोण’ विचारलंत, तर मी पैज लावणार नाही. ‘फॉक्सट्रॉट’ मी दोन सेकंदांत ओळखतो.

आमच्याकडे हेच झालं. यामाहाच्या पीएसआरमध्ये भारतीय ठेके भरून आले, रोलंडचा एक्सपीएस-१० आला. ढोलकी, बासरी, शहनाई, व्हायोलिन, सगळं बटणावर. मी त्यांना नावं ठेवत नाही. कापडे नाहीतर ढवळ्याच्या बाजूचा पोरगा कर्ज काढून एक कीबोर्ड घेतो आणि एकटा अख्खा ऑर्केस्ट्रा उभा करतो, ही लहान गोष्ट नाही. आमच्या वेळी ते जमलंच नसतं. पण महाड ते कशेडीच्या पायथ्यापर्यंत कुठल्याही मांडवात जा, स्लो गाण्यामागे तेच व्हायोलिन, तेवढ्याच गुंजेचं. स्टाईल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, लावली की डावा हात मोकळा, आणि त्या मोकळ्या हातात मोबाइल.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिले काही दिवस स्टाईलचं बटण लावूच देत नाही. एक टोन घ्या, त्याचा अटॅक थोडा मागे आणा, रिलीज वाढवा, व्हायोलिनमध्ये पेटीचा एक थेंब मिसळा, आणि तो आवाज आपल्या नावाने सेव्ह करा. मग एकच स्लो गाणं, डाव्या हाताने कॉर्ड स्वतः धरून. पोरं कंटाळतात. दोन-चार गळतात. उरतात त्यांना गायिका पुढच्या सुपारीला नाव घेऊन बोलावते.

त्या ढोलवाल्याची पार्टी अजून आहे, आमचीही आहे. आमच्या सुपारीत आता निम्मी गाणी संथ असतात.

तुमच्या घरी कार्य असेल आणि पार्टी सांगणार असाल, तर एक विनंती. नागीण डान्स होऊ द्या, मिक्स होऊ द्या, पण रात्री दहाला स्पीकर बंद करायच्या आधी अर्धा तास स्लो गाण्यांना ठेवा. आणि जनरेटर मांडवाला चिकटून लावू नका, घराच्या मागच्या अंगाला लावा. वायर कमी पडली तर आमच्याकडे आहे.