व्याख्येवर उभा धंदा

गांजायुक्त पेयांच्या कंपन्यांकडे गुंतवणूकदार बहुधा मागणीच्या बाजूने पाहतो. दारू कमी पिणारी तरुण पिढी आणि धूर नकोसा झालेले ग्राहक आहेत, म्हणजे उद्या बिअरसारखी बाजारपेठ उभी राहणार, असा त्याचा हिशेब असतो. मला हा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडलेला वाटतो. या धंद्यात कंपनीची सर्वांत मोलाची मालमत्ता म्हणजे कायद्यातली एक व्याख्या, आणि ती बदलण्याचा अधिकार कायदेमंडळाकडे असतो. म्हणून शेअरचे मोल ठरवताना पेयांची विक्री शून्य धरावी आणि मग कंपनीत काय उरते ते पाहावे.

कॅनडाचे उदाहरण घ्या. 2018 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी मद्यकंपनी कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनडातील गांजा कंपनी कॅनोपी ग्रोथमध्ये सुमारे 4 अब्ज अमेरिकी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, तीही दर शेअरला 48.60 कॅनेडियन डॉलर या भावाने. डिसेंबर 2023 मध्ये कॅनोपीला 10 शेअर्सचा 1 करावा लागला आणि 2024 मध्ये कॉन्स्टेलेशनने संचालक मंडळातले आपले प्रतिनिधी काढून घेतले. पेये आवडली नाहीत म्हणून हे झाले, असे म्हणणे अर्धवट ठरेल. मुळात पेयांना परवानगीच ऑक्टोबर 2019 मध्ये मिळाली. एका कॅनमध्ये टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, 10 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. विक्रीसाठीचे अन्नपदार्थ जिथे तयार होतात त्या इमारतीत गांजाचे उत्पादन करता येत नाही, त्यामुळे बिअर कंपनीची तयार यंत्रसामग्री हाताशी असूनही निरुपयोगी ठरते. शिवाय बाळगण्याच्या मर्यादेचे सूत्र असे होते की ग्राहकाला एका वेळी जेमतेम पाच कॅन नेता येत. ते सूत्र बदलले डिसेंबर 2022 मध्ये. तोवर कारखान्यांत ओतलेले भांडवल बराच काळ अडकून पडले होते.

उत्पादनाची अडचणही वाटते तेवढी किरकोळ नाही. टीएचसी तेलकट आहे, पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात स्थिर ठेवावे लागतात. ते जमले तरी ॲल्युमिनियमच्या कॅनला आतून जो प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो हे थेंब हळूहळू स्वतःकडे ओढून घेतो. कॅनवर 5 मिलिग्रॅम छापलेले असते आणि काही आठवड्यांनी पेयात प्रत्यक्षात त्याहून कमी उरते. जिथे परवाना मिलिग्रॅमवर मिळतो, तिथे ही घट थेट कायदेशीर जोखीम होते.

अमेरिकेत परवान्याचा गांजा राज्याची सीमा ओलांडू शकत नाही, म्हणजे पाण्याने भरलेल्या जड मालासाठी राज्याराज्यात वेगळा कारखाना. यातून वाट निघाली ती 2018 च्या शेती कायद्यातून. सुक्या वजनाच्या 0.3 टक्क्यांपर्यंत डेल्टा-9 टीएचसी असलेल्या वनस्पतीला त्याने ‘हेम्प’ म्हटले आणि गांजाच्या बंदीतून वगळले. हीच टक्केवारी 355 मिलिलिटरच्या कॅनला लावली तर मर्यादा 1 ग्रॅमच्या वर जाते. 5 मिलिग्रॅम त्यात सहज बसतात. मिनेसोटाने 2022 मध्ये अशा पेयांना रीतसर मान्यता दिली आणि बाजार झपाट्याने वाढला. नोव्हेंबर 2025 मध्ये काँग्रेसने सरकारी खर्चाच्या विधेयकातच व्याख्या बदलली: एका डब्यात एकूण टीएचसी फार तर 0.4 मिलिग्रॅम, अंमलबजावणीला एक वर्षाची मुदत. विकत घेणारे ग्राहक तेच होते, पण कंपन्यांच्या पायाखालची जमीन एका कलमाने सरकली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की 1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदीही उठली आणि ज्यांनी धीर धरला ते श्रीमंत झाले. पण त्या तेरा वर्षांत तगून राहिलेल्या मद्यकंपन्यांनी काय विकले, ते पाहा. युएंगलिंगने आइस्क्रीम विकले, अनहायझर-बुशने यीस्ट आणि माल्टचा अर्क. बंदी असलेल्या मालाशिवाय जगता येत होते, म्हणूनच त्या टिकल्या. माझ्या कसोटीला हे उदाहरण बळच देते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मागणी खरी असेल तर कायदा आज ना उद्या तिच्यामागे येईलच. येईलही. पण तोवर कर्जावर व्याज चढते, रोकड संपते, नवे शेअर काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. योग्य कायदा यायच्या दिवशी कंपनी जिवंत असेल, पण तुमचा हिस्सा नावापुरता उरलेला असेल.

भारतातून परदेशी शेअर घेणे आता मोबाइलवरून होते आणि रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. नॅस्डॅकवरचा असा शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालातले जोखमीचे प्रकरण आणि कर्जफेडीचे वेळापत्रक शेजारी ठेवून वाचा. पेयांचा एक पैसाही न धरता कर्ज फिटत नसेल, तर तो शेअर कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नका.