नखांची तालीम

दहावीचा निकाल लागला, की दाखला न्यायला आलेल्या मुलींना आम्ही एकच प्रश्न विचारतो, "आगे क्या?" आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ठरलेले असायचे. डी.एड. शिक्षिका होणे म्हणजे घरच्यांना पटणारा, मोहल्ल्यात मान देणारा पेशा. आम्ही तिघी याच उत्तरातून इथवर आलो. डी.एड. केले, मग नोकरी सांभाळून बी.एड. केले आणि विनाअनुदानित तुकडीवर रुजू झालो. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणत वर्षे गेली. दरम्यान राज्यातली कितीतरी डी.एड. विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. मुलींना हे सगळे दिसते. त्या आमच्या चपलांकडे पाहूनसुद्धा आमचा पगार ओळखतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका मुलीने "मॅडम, मैं नेल का कोर्स करूंगी" असे उत्तर दिले, तेव्हा आम्ही तिला बसवून घेतले आणि सगळे नीट विचारले. भिवंडीत राहणारी मुलगी. बाप यंत्रमागावर कामाला, आई घरी बसून ड्रेसवर टिकल्या लावणारी. क्लास कल्याणला. फी पंधरा हजार, सामानाची पेटी वेगळी. तिच्या जोडीला वर्गातली आणखी एक मुलगी तयार होती. दोघींच्या घरून एकच अट आली, "मॅडम लोग साथ जाएंगे तो भेजेंगे."

मे महिन्याची सुट्टी होती. मुलींच्या सोबतीला जायचेच आहे, तर बाहेर बाकावर बसून काय करायचे? आम्हीही नाव घातले. फी हप्त्याने भरली. वीस दिवस, रोज चार तास.

पहिल्या दिवशी रंगाची बाटली कुणी हातात दिली नाही. नख म्हणजे काय, इथून सुरुवात झाली. आमच्यातली एक विज्ञान शिकवते, तिला तर शाळेतच आल्यासारखे वाटले. नख केराटिनचे असते. केसही त्याचेच. आपण कापतो तो भाग निर्जीव, म्हणून दुखत नाही. वाढ होते ती मुळाशी, कातडीच्या आत. अंगठ्याच्या नखावर पांढरी चंद्रकोर दिसते, तो त्या मुळाचाच दिसणारा भाग. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पूर्ण नख नवे यायला सहा महिने लागतात. पायाचे याहून संथ, त्याला वर्ष ते दीड वर्ष. याचा धंद्यातला अर्थ शिकवणाऱ्या बाईंनी एका वाक्यात सांगितला : तुम्ही पाच मिनिटांत घासून पातळ केलेले नख गिऱ्हाईक सहा महिने वागवते.

नखाच्या खालच्या त्या नाजूक मांसाला मराठीत जिवाळी म्हणतात. हा शब्द आम्ही त्या दोन मुलींना क्लासमध्येच शिकवला. वरचे निर्जीव आहे म्हणून रगडत बसलात, तर खाली जिवाळी आहे हे विसरू नका. कडेची कातडी जास्त कापली तर नखुरडे होते, पू धरतो. म्हणून ती कापायची नसते, मऊ करून हळूच मागे सारायची असते. तेलकटपणा पुसायचा, नखाची चकाकी बफरने हलकेच काढायची, तरच वरचा थर धरतो. ही तयारी नीट झाली नाही, तर दहा दिवसांत थर सुटतो, खाली पाणी शिरते आणि नख हिरवट पडते. तो जंतूचा रंग असतो. अशा नखावर नवा थर चढवायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

मग दोन मोठ्या पद्धती आल्या. ॲक्रिलिकमध्ये ब्रश आधी द्रवात बुडवायचा, मग भुकटीला टेकवायचा. ब्रशच्या टोकाला मोत्यासारखा गोळा येतो. तो नखावर ठेवून दाबत पसरायचा. तो हवेतच घट्ट होतो, त्यामुळे हात चालला पाहिजे. द्रव जास्त झाला तर गोळा ओघळून कातडीवर जातो, कमी झाला तर भुगा पडतो. जेल दिव्याखाली घट्ट होते. आधी बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ थर, वर टॉप कोट. प्रत्येक थराला दिवा वेगळा दाखवायचा. थर जाड दिला तर वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत ओला राहतो. आमच्या दोन मुलींपैकी जी गणितात काठावर पास झाली होती, तिचा ॲक्रिलिकचा गोळा पहिल्याच आठवड्यात जमला. आम्हा तिघींचे मात्र हात खडूचे. आमचे गोळे ओघळतच राहिले.

या ओल्या राहिलेल्या जेलविषयी आणि ओघळलेल्या थेंबाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण स्वस्त क्लासमध्ये हे सांगत नाहीत. जेलमधला हेमा नावाचा घटक घट्ट होण्याआधी कातडीला पुनःपुन्हा लागला, तर ॲलर्जी होऊ शकते आणि झालेली ॲलर्जी जन्मभर राहते. दातांच्या काही उपचारांतही याच जातीची द्रव्ये वापरतात, म्हणजे पुढे तिथेही अडचण. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविषयी जाहीर इशारे दिलेले आहेत. जेल दिव्याखाली घट्ट व्हावे म्हणून त्यात टीपीओ नावाचे रसायन घालत, ते युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले. ॲक्रिलिकच्या द्रवात स्वस्ताईसाठी मिथाइल मेथाक्रिलेट वापरत. त्याने नखांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७०च्या दशकातच निव्वळ या द्रव्याच्या मालाविरुद्ध कारवाई केली. वास फार उग्र, घट्ट झाल्यावर कानस चालत नाही आणि ॲसिटोनमध्ये सुटता सुटत नाही, ही त्याची ओळख. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती बाटली विकत घ्यायची नाही, एवढे तरी मुलींनी गाठीला बांधावे.

आणि भुकटी. घासताना बारीक धूळ उडते. पहिल्या दिवशी सगळ्यांना मास्क दिले, तिसऱ्या दिवशी अर्ध्या मुलींनी ते हनुवटीवर ओढले. आमच्या मुलीने ओढला नाही. मागाच्या कारखान्यात कापसाचा गर्दा असतो आणि तिच्या अब्बांचा खोकला रात्री सगळ्या चाळीला ऐकू जातो. धूळ म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

आता तो प्रश्न, जो आम्हाला क्लासपेक्षा मोहल्ल्यात जास्त विचारला गेला. वजूचे काय? वजूचे पाणी नखांपर्यंत पोहोचले पाहिजे. नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो, म्हणून त्यावरून केलेला वजू होत नाही, असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मेंदी मात्र चालते. का चालते, हे आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मुलींना सांगितले. मेंदीतला लॉसोन हा रंग केराटिनशी जोडला जातो. तो नखात मुरतो, वर थर धरत नाही. पाण्याला वाट मोकळीच राहते. पाणी आरपार जाते असे सांगितले जाणारे नेलपॉलिश २०१३च्या सुमारास मुस्लिम देशांत खूप खपले. पोलंडच्या एका कंपनीने ते काढले होते. त्याने वजू होतो की नाही, यावर उलेमांचे एकमत झालेले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न नखे लावून घेणाऱ्या बाईचा आहे. लावून देणारी मुलगी स्वतःची नखे आखूड आणि कोरी ठेवते. ती ठेवावीच लागतात, नाहीतर कामच करता येत नाही. चाळीस दिवसांच्या आत नखे कापावीत ही शिकवण घराघरात आहे, ती पाळायला या धंद्यात काहीच अडत नाही. आमच्या मुली सराव करायच्या त्या प्लास्टिकच्या हातावर. आणि वस्तीतल्या किती बाया "उन दिनों में" पॉलिश लावतात व नमाज सुरू होण्याआधी काढून टाकतात, हे सगळ्या जणी जाणतात, बोलत मात्र कोणी नाही. काढणे हेसुद्धा हुनर आहे. जेल ओरबाडून काढले तर नखाचा पापुद्रा निघतो. ॲसिटोनचा बोळा ठेवून वर्ख गुंडाळायचा आणि दहा-पंधरा मिनिटे सबुरीने बसायचे.

खरी अडचण मसल्यांची नव्हती. "दुसऱ्याचे हातपाय धरायचे काम" ही खरी अडचण होती. एका मुलीच्या मामूंनी हे शब्द तोंडावर म्हटले. आपण मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, पण हज्जाम, मणियार, कसाब असे शब्द घरात कोणत्या सुरात उच्चारतो, ते आपल्यालाच ठाऊक. आमच्यातल्या एकीची नानी मणियारीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. पाटलाच्या वाड्यात, ब्राह्मणाच्या ओसरीवर, महारवाड्यात, सगळीकडे तिला शिरकाव होता. नव्या नवरीचा हात हातात घ्यायचा, "सैल सोड गं बाई" म्हणायचे, अंगठ्याचा उंचवटा दाबून अडीच इंची बांगडी अलगद वर सरकवायची. काच फुटली तर रक्त तिचेही निघायचे. बाया तिच्यापाशी जे बोलत ते घरात कुणापाशी बोलत नसत. तिने या कामावर चार मुले वाढवली आणि तिची नात बी.एड. झाली. हात धरण्याचे काम हलके असते, तर ती नात आज हा लेख लिहायला बसलीच नसती.

क्लासच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी एक गोष्ट सांगितली. घरी येऊन आम्ही ती पडताळून पाहिली, खरी निघाली. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत पोहोचले. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ त्यांची एक छावणी होती. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ या १९६३च्या चित्रपटातली नायिका टिपी हेड्रन तिथे मदतीला जायची. बायकांना काही काम शिकवावे म्हणून तिने टायपिंग आणि शिवण शिकवणाऱ्या आणल्या. बायकांचे लक्ष मात्र तिच्या नखांकडे. तेव्हा तिने आपली नखे करणारी बाईच छावणीत आणली. सुमारे वीस जणी शिकल्या, रीतसर परवाना मिळवून कामाला लागल्या. त्यांनी बहिणींना शिकवले, बहिणींनी जावांना. आज अमेरिकेत हे काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक व्हिएतनामी वंशाचे आहेत. त्या वीस जणी सगळ्या अडाणी नव्हत्या. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाया त्यांत होत्या. मुलूख गेला, कागदपत्रे गेली, तेव्हा हातच कामाला आले.

या गोष्टीतल्या दोन बाबी आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात. कॅलिफोर्नियात या कामाच्या परवान्यासाठी चारशे तासांचे प्रशिक्षण लागते. आणि परवान्याची लेखी परीक्षा व्हिएतनामी भाषेतही देता येते.

आमचे प्रशिक्षण ऐंशी तासांचे. आपल्याकडे नखांच्या कामाला वेगळा परवानाच नाही, त्यामुळे आठ दिवसांत प्रमाणपत्र देणारेही आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतर कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, सरकारच्या कौशल्य योजनांत नेल टेक्निशियनचा अभ्यासक्रमही आहे. आमच्या किती पालकांना हे माहीत आहे? आणि भाषा? क्लासमधले कागद इंग्रजीत, बोलणे हिंदीत, आयटीआयचे अर्ज मराठीत आणि आमची मुलगी दहा वर्षे शिकली ती उर्दूत. हुशारी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात.

त्या दोघींचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. एक कल्याणच्या एका पार्लरमध्ये लागली. काम आवडले होते, पण दोन महिन्यांनी "गिऱ्हाइकांना बरे वाटत नाही, स्कार्फ काढून बस" असे मालकिणीने सांगितले. तिने स्कार्फ काढला नाही, नोकरी सोडली. आता घरच्या पडवीत एक टेबल, एक दिवा आणि दोन खुर्च्या मांडून बसते. लग्नसराईत तिला उसंत नसते. अब्बांना तिने मागावरची रात्रपाळी सोडायला लावली. दुसरीचे लग्न ठरले आणि सासरच्यांनी हे काम नको म्हटले. तिची पेटी माळ्यावर आहे. तिने ती विकलेली नाही, एवढेच आम्ही जाणतो.

आमच्यातली एक रविवारी नवऱ्या मुलींची नखे करते. तिचा गोळा आता ओघळत नाही. दोन रविवारांची कमाई शाळेच्या अर्ध्या पगाराएवढी होते. संस्थेच्या कानावर गेले, तेव्हा "उस्तानी को ये शोभा नहीं देता" असा निरोप आला. आम्ही तिघींनी मिळून उत्तर पाठवले, की पूर्ण पगार द्या, रविवारी घरी बसू. त्यावर अजून काही कळवलेले नाही.

मधल्या काळात आम्ही एक वही तयार केली आहे. चाळीस पाने, उर्दूत, बाजूला मराठी आणि इंग्रजी शब्द त्याच क्रमाने. नखाचे भाग, औजारे उकळत्या पाण्यात व जंतुनाशकात किती वेळ ठेवायची, कोणत्या बाटलीवर काय वाचायचे, कोणत्या नखाला हात लावायचा नाही, हिशोब कसा ठेवायचा, आयटीआयचा अर्ज कुठे मिळतो. क्यूटिकलला उर्दू शब्द सापडेना, तो तसाच ठेवला. जिवाळीलाही सापडला नाही. तोही मराठीच ठेवला आणि कंसात लिहिले, "यहां जान होती है."

निकालाच्या दिवशी दाखल्यांच्या टेबलावर आता ही वहीही ठेवलेली असते. यंदा तिच्या अकरा प्रती गेल्या.