घर मोजायचं ते भिंतींवर

लीड्समध्ये भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं ठरलं आणि रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही नवरा-बायको घरांच्या जाहिराती वाचत बसू लागलो. पुण्यात घर बघताना सगळी बोलणी खोल्यांपासून सुरू होतात. वन बीएचके की टू बीएचके, कार्पेट किती, बिल्टअप किती. इंग्लंडातल्या जाहिरातीत बेडरूमच्या आकड्याला लागून आणखी एक शब्द असतो, आणि घराच्या किती भिंती शेजाऱ्याशी सामाईक आहेत ते तो सांगतो. डिटॅच्ड म्हणजे चारी बाजूंनी मोकळं. सेमी-डिटॅच्ड म्हणजे एक भिंत सामाईक. टेरेस्ड म्हणजे ओळीतलं घर, दोन्हीकडे शेजारी. आपल्या गच्चीशी त्याचा काही संबंध नाही. ओळीच्या टोकाला असलेलं ते एंड-टेरेस, आणि त्या एका मोकळ्या भिंतीचे सहसा जास्त पैसे मोजावे लागतात. बंगलो म्हणजे जिना नसलेलं एकमजली घर. आपल्याकडच्या बंगल्याचा थाट त्यात नसतो, पण गुडघ्यांनी दगा दिलेली वयस्क माणसं तेच शोधत असतात.

साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "तुझ्या आजोळचं घर आपण पाच खणांचं म्हणत होतोच की," ती म्हणाली. "खोल्या कुणी मोजल्या होत्या तेव्हा?" आणि लगेच तिचा प्रश्न आला, "सामाईक भिंतीत खिळा मारायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागतं का गं?"

प्रश्न अगदी कामाचा होता. खिळा किंवा फडताळ ठोकायला कुणी विचारत नाही. पण माळ्यावर खोली काढायची आणि त्यासाठी सामाईक भिंतीत तुळई बसवायची, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. जाहिरातीतला 'टेरेस्ड' हा शब्द म्हणजे अशा दोन नोटिशींची शक्यता. हे कळल्यापासून आम्ही फोटो नंतर आणि तो शब्द आधी बघायला लागलो.

लीड्सचा खास म्हणावा असा शब्द मात्र बॅक-टू-बॅक. हेअरहिल्स, होलबेक, हाइड पार्क या भागांत अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. दोन ओळी पाठीला पाठ लावून बांधलेल्या, त्यामुळे मधल्या घराच्या तीन भिंती सामाईक आणि हवा-उजेड येणार तो फक्त समोरून. कापडाच्या गिरण्या आणि शिवणकामाचे कारखाने जोरात असताना कामगारांसाठी ही घरं बांधली गेली. १९०९ च्या कायद्याने अशा नव्या बांधकामावर बंदी आली, पण आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारे लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती. गल्ल्यांची नावंही अशीच रांगेने: हॅरल्ड ग्रोव्ह, हॅरल्ड माउंट, हॅरल्ड व्ह्यू, हॅरल्ड टेरेस. यातल्या माउंटला टेकडी नाही आणि ग्रोव्हला राई नाही.

असं एक घर आम्ही आत जाऊन बघितलं. रस्त्यावरून पायरी चढली की थेट बैठकीची खोली, तिच्या कोपऱ्यात दार लावलेला उभा जिना, खाली तळघर, वर निजायची खोली आणि छपराखाली आणखी एक. तळघरात दगडी फळी होती. फ्रिज नव्हते तेव्हा दूध-लोणी तिच्यावर गार ठेवत. भिंती जाड, लाल विटांच्या. बाहेरच्या बाजूला एकच भिंत असल्याने घर ऊब धरून ठेवतं, हेही जाणवलं. गल्लीत या घरापासून समोरच्या घरापर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते आणि मला गिरणगावातल्या चाळीची आठवण झाली. या घरांना झोपडपट्टी समजून नाक मुरडणारे लोक मला पटत नाहीत. कमी पैशांत शहराच्या जवळ, स्वतःच्या दाराचं घर कामगाराला यांनीच दिलं. आम्ही ते घेतलं नाही याचं कारण साधं. चुलीसमोर उभी राहिले आणि मोहरी तडतडल्यावर धूर जाणार कुठून ते पाहिलं. मागे खिडकीच नव्हती.

कोझी, कॅरॅक्टरफुल वगैरे विशेषणांवर मी वेळ घालवला नाही. खरं महत्त्व आहे ते लीजहोल्ड आणि फ्रीहोल्ड या जोडीला. फ्रीहोल्ड म्हणजे घरही आपलं आणि खालची जमीनही. लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांचा पट्टा. बहुतेक फ्लॅट असेच विकले जातात आणि उत्तर इंग्लंडात काही जुनी घरंसुद्धा. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या पट्ट्यावरच्या जमिनीचे करार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ३० जून २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक नव्या पट्ट्यांवर जमिनीचं भाडं लावता येत नाही, पण त्याआधीच्या जुन्या पट्ट्यांना हा नियम आपोआप लागू होत नाही. कालव्याकाठचा एक फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला होता. उजेड भरपूर, स्वयंपाकघर मोठं. पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत हे जाहिरातीत कुठेच नव्हतं. विचारल्यावर आकडा ८० च्या बराच खाली निघाला. एवढा कमी उरलेला पट्टा वाढवून घेणं महागात पडतं आणि कर्ज देणारेही कां-कू करतात. तो फ्लॅट सोडताना जिवावर आलं. शेवटी घेतलं ते फ्रीहोल्ड टेरेस्ड घर, मागच्या बाजूला खिडकी असलेलं.

इकडे घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घर दाखवणारा एजंट कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस. त्याची फी विकणारा देतो. लीजहोल्ड असेल तर किती वर्षं उरली, जमिनीचं भाडं किती आणि देखभालीचा वार्षिक खर्च किती, हे तीन आकडे त्याच्याकडून ईमेलवर लेखी मागवा. ते हातात आल्याशिवाय सर्व्हेयरला पैसे भरू नका.