नोंदीतला क्रम

मनोरुग्णाच्या कॉलला खात्यात कुणी खुशीनं जात नाही. चोरीच्या कॉलला काय करायचं ते ठाऊक असतं, मारामारीच्याही. इथं ना फिर्यादी, ना आरोपी. फक्त एक माणूस ‘आवरायचा’ असतो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी असे पुष्कळ कॉल घेतले आणि बरेचसे बिघडवले. सगळ्यांचा पाढा वाचत नाही. एकच सांगतो, त्यात बाकीचे आले.

एका आईचा फोन आला. पोरगं दोन-तीन रात्री झोपलेलं नाही, एकटंच बडबडतंय, आतून कडी लावून बसलंय. “साहेब, जरा कुणीतरी येऊन समजवा,” एवढंच तिचं मागणं. मी जीप काढली, शिपाई घेतले. वाडीत शिरताना सायरन चालूच होता. बंद करावा हे सुचलंही नाही. दारावर काठी आपटून मी ओरडलो, “उघडतो का फोडू?” आतून उत्तर नाही. दार फोडलं, तर पोरगा कोपऱ्यात कोयता धरून उभा. झटापटीत त्याचा तळहात चिरला, आमच्या एकाच्या दंडाला लागलं. गोठ्यातलं दावं आणून आम्ही त्याचे हात बांधले.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तेव्हा लागू झालेला होता. परिपत्रकावर माझी सही होती, त्यामुळे कलम १०० माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेला माणूस संरक्षणात घ्यायचा, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचा, लॉकअपमध्ये ठेवायचा नाही. जीप दुसऱ्या बंदोबस्ताला गेली. मग सकाळी बघू म्हणून मी त्याला ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकाला बांधून ठेवलं. लॉकअप नाही ना, मग कायदा पाळला, अशी स्वतःची समजूत घातली. सकाळी आई भाकरीचा डबा घेऊन आली. पोरानं तोंड फिरवलं ते माझ्याकडून नव्हे, तिच्याकडून. पोलीस तिनंच बोलावले होते.

स्टेशन डायरीत मी लिहिलं की सदर इसम हातात कोयता घेऊन मिळून आल्यानं त्यास शिताफीनं ताब्यात घेतलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरी गोष्ट अशी, की कोयता भिंतीला अडकवलेला होता आणि आम्ही दार फोडायला लागल्यावर त्यानं तो काढला. आईनं फोनवर हत्याराचं नाव घेतलं नव्हतं, कारण तोवर कुणाच्याच हातात हत्यार नव्हतं. माझ्या नोंदीत खोटा शब्द एकही नाही. क्रम तेवढा खोटा आहे.

काही महिन्यांनी पोलीस पाटलाकडून कळलं, पोराचं पुन्हा तसंच झालं होतं. या वेळी आईनं फोन केलाच नाही. भावकीनं त्याला गोठ्यात साखळीनं बांधलं. साखळीला त्याच कायद्याचं कलम ९५ बंदी घालतं, पण ते मी कुठल्या तोंडानं सांगणार? बांधायचं कसं ते मीच दाखवून आलो होतो.

निवृत्तीच्या आधी एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या यूजीन शहराची माहिती मिळाली. तिथं १९८९ पासून ‘कॅहूट्स’ नावाचं पथक अशा कॉलना जायचं: एक वैद्यकीय कर्मचारी, एक समुपदेशनाचं काम जाणणारा, एक व्हॅन. वर्दी नाही, हत्यार नाही. मी मागून टोमणा मारला, “आणि कोयता निघाला की यांना वाचवायला आम्हीच ना?” सगळे हसले. शिकवणाऱ्यानं आकडा दिला: २०१९ मध्ये सुमारे २४ हजार कॉल, पोलिसांची कुमक मागितली ३११ वेळा. यातले बरेच कॉल साध्या विचारपुशीचे, कुणाला कुठं पोचवायचे असे होते. तेव्हा हा आकडा माझ्या कॉलला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मी आजही म्हणेन. डेन्व्हरनं २०२० मध्ये सुरू केलेलं ‘स्टार’ पथकही हत्यार असेल तिथं पाठवत नाहीत, पोलीसच जातात. पण माझ्या कॉलमध्ये हत्यार नव्हतंच. ते आमच्यामुळे निघालं.

पुढे एकदा असाच कॉल आला तेव्हा ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याचं शिबिर चालू होतं. जिल्ह्याच्या पथकातल्या एक सिस्टर म्हणाल्या, “मी येते. जीप वळणावरच ठेवा, साहेब. टोपी आणि काठी गाडीत.” अंगणातली बघ्यांची गर्दी हटवायचं काम त्यांनी मला दिलं. स्वतः उंबऱ्याबाहेर बसल्या. शेजारचा टीव्ही बंद करायला लावला. आतल्या माणसाला आपलं नाव सांगितलं, आत येणार नाही असं सांगितलं, मग कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी कंटाळून पुढे सरकलो, तर त्यांनी मागे न बघताच हातानं थांबवलं. शेवटी त्यानं पाणी मागितलं. संध्याकाळ व्हायच्या आत तो आपल्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये बसला. मी एवढा वेळ कुणालाच कधी दिला नव्हता.

सिस्टर त्या दिवशी तालुक्यात होत्या हा योगायोग. एरवी ११२ लावलं की येतो तो पोलीस. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. उपयोगाची सोय आहे, पण फोनवरचा माणूस दारात येत नाही. दारात येणारं पथक हवं तर रात्रपाळीचा पगार, गाडी, डिझेल आलंच. यूजीनमधलं इतकं जुनं काम एप्रिल २०२५ मध्ये थांबलं ते पैशांपायीच.

अशा पथकांसाठी पैसा मागायला गेलं की पहिला प्रश्न येणार, हे कॉल किती धोक्याचे असतात? उत्तर आमच्याच डायऱ्यांतून काढलं जाईल, आणि त्यात माझ्यासारख्यांच्या नोंदी आहेत. म्हणून भेटेल त्या नव्या अंमलदाराला सांगतो: हत्यार तुम्ही पोचायच्या आधी निघालं की नंतर, ते वेळेसकट लिहा. तुमची पाठ थोपटली जाणार नाही, कदाचित खुलासाही मागतील. तो द्या.